कॉफीची उगवणशक्ती

बियाणं ओळखण्यात अख्ख्या आर्णीत माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी गेली बावीस वर्षं सांगत आलोय. माझं कृषी केंद्र आहे. सोयाबीन असो की तूर, मी दाणा तळहातावर घेतो, दाताखाली चावतो आणि निकाल देतो. (निकाल चुकलाच तर पावसावर ढकलायची सोय आमच्या धंद्यात आहे.)

गेल्या वर्षी माझी बायको सुनंदा तिच्या धाकट्या भावाकडे, नंदूकडे, बंगलोरला आठ दिवस राहून आली आणि आमच्या घरातला चहा बिघडला. म्हणजे चहा तोच, पण कप हातात घेतला की ती सुस्कारा टाकायची.

"नंदू घरीच बिया दळते कॉफीच्या. वास गेटापर्यंत येते, बापा!"

"आपल्या इथंबी भेटते कॉफी."

"ते पुडीतली? हट्!"

हे रोज दोनदा. तशात आमच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला आणि त्याला नंदू येणार असं कळलं. मी मनाशी ठरवलं, नंदूच्या डोळ्यांदेखत सुनंदाला असा कप द्यायचा की तिनं आयुष्यात एकदा तरी भावापेक्षा मला वरचढ म्हणावं. खोटं कशाला बोलू, मला फक्त तेवढंच हवं होतं.

फोनवरून गुपचूप कॉफीच्या बियांची तीन पाकिटं मागवली. एकावर लिहिलेलं, चॉकलेटची चव. दुसऱ्यावर, संत्र्याची चव. (संत्र्याची चव हवी असली तर विदर्भातला माणूस संत्रं खातो!) तिसऱ्यावर नुसतंच 'कच्ची, न भाजलेली'. दुकानात काउंटरवर तिन्ही ओतली. पहिल्या दोन कोळशासारख्या काळ्या. भाजलेलं बी! मला कोणी भाजलेलं सोयाबीन विकून दाखवावं! तिसरी मात्र हिरवट, टपोरी, दाण्याला दाणा सारखा. बघताक्षणी जीव जडला.

तरी नियम म्हणजे नियम. उगवणशक्ती तपासल्याशिवाय मी सख्ख्या भावाचंही बियाणं पास करत नाही. ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळायचे आणि चौथ्या दिवशी उघडून बघायचे, ही आमची पद्धत. काळ्यांचे शंभर-शंभर दाणे घेतले. हिरव्याचं मात्र लाडानं अख्खं पाकीटच पोत्यात घातलं.

शेजारी रफीकभाईंचं मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. ते पान खात खात हे सगळं बघत होते.

"शेठ, ये कॉफी पीनी है के पेरनी है?"

"रफीकभाई, जे उगवत नाही ते ताजं नाही. साधी गोष्ट हाय."

"तो अब तक चाय की पत्ती भी उगाके पिये क्या?"

मी पोतं आवळून बांधलं. ज्याला बियाण्यातलं कळत नाही त्याच्याशी काय वाद घालायचा!

चौथ्या दिवशी पोती उघडली. काळ्यांनी तपकिरी पाणी सोडलेलं आणि वर पांढरी बुरशी. नापास! हिरवे दाणे टम्म फुगलेले. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. त्याच दिवशी लग्नाचा वाढदिवस होता. दाणे घरी आणले, धुतले आणि निथळायला ओट्यावर चाळणीत, ओल्या फडक्याखाली ठेवले. सुनंदा अंघोळीला गेली होती. गुपित असल्यामुळे तिला काही न सांगता मी नंदूला आणायला एसटी स्टँडवर गेलो. आल्यावर दाणे सुकवू, भाजू, दळू आणि नंदूचं नाक खाली करू, असा बेत होता.

परत आलो तर घरभर खमंग फोडणीचा वास. पाटावर बसलो. सुनंदानं हसत हसत वाटी पुढे केली.

"तुमी मोड आणाले ठेवलेल्या कडधान्याची उसळ केली. लय हट्टी दाणा हाय जी! अकरा शिट्ट्या घेतल्या त्यानं!"

मी वाटीत डोकावलो: माझेच टपोरे दाणे! खरं सांगावं तर सकाळपासून चुलीशी उभ्या असलेल्या बायकोचा भावासमोर पोपट. न सांगावं तर खावं लागणार. मी खाल्लं. कडू! वरून गोडा मसाला, गूळ, खोबरं, आणि आत कडुलिंबाचा सख्खा भाऊ!

"कशी झाली?"

"भारी," मी म्हणालो. डोळ्यांतून पाणी आलं.

नंदूनं एक दाणा चावला. कट्ट! मग त्यानं दाणा बोटांत धरून उजेडात फिरवला, मधली चीर पाहिली आणि ओरडला, "ताई, हे तं कच्ची कॉफी हाय! तू कॉफीची उसळ केली!"

आणि तो हसत सुटला. हसता हसता ठसका लागला, तरी थांबेना. सुनंदाचा चेहरा उतरला.

"काहून जी, खरं बोलून राह्यला का हा?"

मी सगळं ओकलो. पाकिटं, पोतं, बुरशी, सगळं. "तुले नंदूपेक्षा भारी कॉफी पाजाची होती," एवढं म्हणताना मान वर करायची हिंमत होईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सुनंदानं हातातली वाटी खाली ठेवली. मग गर्रकन नंदूकडे वळली.

"दात काढून कायले राह्यला रे? तुह्या घरी कॉफी पेतात, माह्या घरी खातात! चार दिवस राबला हा माणूस माह्यासाठी. तू कधी तुह्या बायकोसाठी पोतं ओलं केलं का?"

नंदूचं हसू जागच्या जागी थिजलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा भावासमोर बायको माझ्या बाजूनं बोलली! माझी छाती अशी काही फुगली, की मी भान विसरून वाटी पुढे केली आणि म्हणालो, "वाढ वं अजून थोडी!"

तिनं प्रेमानं अख्खा कुकर माझ्या पुढ्यात ठेवला आणि मी तो संपवेपर्यंत ती समोरून हलली नाही.