हडळीची वाटी

भिजल्या घोंगडीचा वास आला की हिर्डोशीच्या वरचा तो धनगरवाडा आठवतो. भोर संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. माझ्या दोन भयकादंबऱ्या खपल्या होत्या, पण तिसरी सुरूच होईना; भुतांचाच कंटाळा आला होता. मुक्कामाला होतो त्या घरच्या म्हातारीनं दिवेलागणीला शेळीची धार काढली आणि पहिली वाटी कुडाबाहेर दगडावर नेऊन ठेवली. "कुणाला हो, मावशी?" मी विचारलं. "हडळीला. बाळंतपनात गेली, आता वड्याकाठी फिरती म्हनत्यात." "भीती नाही वाटत?" "वाटती की! पर लेक हाय माजी. उपाशी कशी ठिवू?" त्याच मुक्कामात मी नव्या कादंबरीचं पहिलं पान लिहिलं. आजही भूत लिहायला घेतलं की आधी त्याची आई शोधतो.