लहान चाकाच्या बाजूला

माणूस नुसता बघितला की त्याचं वजन कंडक्टरीणबाईला कळायचं. काटा नको की काही नको. जीपच्या मागच्या दारात उभी राहून ती वरून खाली एकदा बघायची आणि बोट दाखवायची, "तुमी हिकडं. तुमी तिकडं." मोठमोठे लोक मुकाट्यानं त्या बोटाखाली बसायचे.

ही माझी बायको. बोरी ते परभणी मी काळीपिवळी जीप चालवायचो. दाराला ठेवलेला कोणताच किन्नर, म्हणजे क्लीनर पोरगा, टिकेना, म्हणून एक दिवस तिनं पदर खोचला आणि स्वतःच दाराला उभी राहिली. गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ही त्यांना म्हणाली, "हसा, पण जागा पायजे असंल तर लवकर या." तेव्हापासून सारा रस्ता तिला कंडक्टरीणबाई म्हणायला लागला. मग मीही म्हणायला लागलो. खोटं कशाला सांगू, दिसायला ती काही देखणी नव्हती. बुटकी, काटकुळी, आवाज मात्र भोंग्यासारखा.

वजनाची ही भानगड आमच्या स्टेपनीमुळं झाली. जीप जुनीच घेतलेली. तिच्यासोबत जी स्टेपनी आली ती दुसऱ्याच कुठल्या गाडीची, बाकीच्या चाकांपेक्षा चार बोटं लहान. नट बसायचे, एवढंच तिचं कौतुक. पंचर झालं आणि ती लावली की गाडी त्या अंगाला कलायची, आणि चाक तापायचं. मग कंडक्टरीणबाई सगळ्यांना खाली उतरवून नव्यानं बसवायची. जाड माणसं मोठ्या चाकाच्या बाजूला, वाळकी लहान चाकाच्या बाजूला.

एकदा बोरीचे एक आडत दुकानदार जागचे हलेनात. "बाई, मला रोज ह्याच जागेवर बसायची सवय हाय."

"सवय घरी ठिवून या, शेठ. आज चाक लहान हाय."

दुसऱ्या एका वेळी नवं लग्न झालेलं जोडपं होतं. नवरदेव चांगला धिप्पाड, नवरी काडीसारखी. हिनं दोघांना समोरासमोर टाकलं. पोरगा कुरकुरला तर म्हणते, "घरी गेल्यावर बसा की जवळ जवळ! गाडीला कशाला तरास?" सारी जीप हसली. ती नवरी तर सगळ्यात जास्त हसली.

स्वतः ती कायम लहान चाकाच्या बाजूला बसायची. "माझ्या हाडाचं काय वजन व्हायलंय," म्हणायची.

स्टेपनीवर चालताना तिचा कायदा वेगळा होता. मागून कोणी हॉर्न दिला की त्याला जाऊ द्यायचं. अर्ध्या वाटेत गाडी थांबवायची. ती खाली उतरायची आणि चाकाला उलटा हात लावून बघायची, लेकराचं अंग गरम लागतं का बघतात तसा. मग ओरडायची, "ताप न्हाई. चला!" ताप असला तर सगळ्यांना लिंबाखाली बसवायची आणि चाकावर पाणी मारायची. लोक चिडायचे, पण उतरायचे.

मी कैक वेळा म्हणालो, जोडीचं चाक घेऊन टाकू. तर म्हणायची, "ऱ्हाऊ द्या वो. तुमी ताडासारखे, मी ही अशी. आपलं तरी कुठं जोडीचं हाय? चाललंच की." चाक राहिलं ते राहिलं.

मग तिचं पोट दुखायला लागलं. लय दवाखाने केले. शेवटी परभणीचे डॉक्टर म्हणाले, घरी न्या, माणसांत ठेवा. तिला सगळं कळलं होतं. मला म्हणाली, "मला माझ्या घरात न्या. रस्त्यात काही व्हाया नको. सुमन वालूरहून येऊन बसली असंल." सुमन आमची लेक.

मागच्या सीटवर तिला निजवली. तिच्या धाकट्या बहिणीनं डोकं मांडीवर घेतलं. झरीच्या पुढं गेलो आणि मागचं चाक बसलं.

मी पान्हा घेऊन खाली उतरलो. एक ओळखीचा जीपवाला थांबला. "मामा, मामीला माझ्या गाडीत घ्या. झटक्यात पोचवतो." मला पटलं. एक एक घडी मोलाची होती. पण ती आतून म्हणाली, "न्हाई. मी माझ्याच गाडीनं जाते." त्यानं मग माझ्या हातातला पान्हा घेतला आणि लहान चाक बसवून दिलं.

मी निघणार तेवढ्यात तिनं विचारलं, "कोण्या अंगाचं बदललं?"

"डाव्या."

"मग मला डावीकडं घ्या."

"अगं, आता काय त्याचं?"

"घ्या म्हणते ना."

मी आणि त्या जीपवाल्यानं उचलून तिला डाव्या सीटवर घेतली. कापसाच्या गाठोड्याएवढं वजन राहिलं होतं.

सावकाश चाललो. मागून हॉर्न देणाऱ्या सगळ्यांना जाऊ दिलं. अर्ध्या वाटेत थांबलो, उतरलो आणि चाकाला उलटा हात लावला. तोच हात मग तिच्या कपाळाला लावला. चाक तापलं होतं. कपाळ गार होतं.

डोळे मिटूनच म्हणाली, "ताप हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो.

"मग चला."

दिवस मावळायच्या आत बोरीला पोचलो. सुमन दारातच उभी होती. लेकीच्या हातचा दोन घोट चहा घेतला तिनं, आणि स्वतःच्या घराच्या आढ्याकडं बघत पडून राहिली. पुढं थोड्या दिवसांनी, सकाळच्या पारी गेली. विहारातली माणसं आली, वंदना झाली. रोजच्या शिटा, गाडीत नेहमी बसणारी माणसं, किती तरी आली होती. ते आडत दुकानदारही आले आणि अंगणात एका बाजूला उभे राहून पोरासारखे रडले.

आता मी शिटा भरत नाही. जावयानं जोडीचं चाक आणून लावलं. मी नको म्हणालो नाही, लावायलाच पाहिजे होतं. लहान चाक तेवढं कोणाला दिलं नाही, माझ्या बाजेजवळ भिंतीला टेकवून ठेवलंय.

कधीमधी लेकीकडं वालूरला जातो. अर्ध्या वाटेत गाडी थांबवतो. उतरून चाकांना उलटा हात लावतो. सगळी सारखी, सगळी ठीक. "ताप न्हाई," असं मोठ्यानं म्हणतो. पुढचं 'चला' काही माझ्या तोंडून निघत नाही. ते तिचं होतं. थोडा वेळ डाव्या बाजूला तसाच उभा राहतो, आणि मग गाडी चालू करतो.