आठ ग्रॅमची वाढणी

माझ्या स्वयंपाकघरात कुठल्याही डाएट वस्तूला प्रवेश नाही. कुणी प्रेमानं आणलीच तर मी ती दारातून परत करते, आणि समोरच्याला वाईट वाटलं तर वाटू देते. यामागे चिवड्याची एक पुडी आहे, लोण्याऐवजी विकल्या जाणाऱ्या पदार्थाची एक डबी आहे आणि माझा स्वतःचा एक नीचपणा आहे. पुडीवरचा आणि डबीवरचा राग मी आजवर शंभर जणांना ऐकवला. तिसरी गोष्ट कुणालाच सांगितली नाही.

आई अकोल्याला जठारपेठेत माझ्या भावाकडे राहते. तिनं तीसएक वर्षं प्राथमिक शाळांत शिकवलं, त्यातली बरीचशी अकोटच्या बाजूला, एसटीनं जाऊन-येऊन. वर्गात खुर्चीवर बसणारा मास्तर तिला आळशी वाटायचा, त्यामुळे ती सगळी वर्षं उभी राहिली आणि म्हातारपणी गुडघ्यांनी त्याची वसुली केली. उजवा तर पार गेला. मी अमरावतीला वकिली करते, म्हणून इथल्याच हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. सांधा बदलावा लागेल, पण आधी सात किलो वजन उतरवा, मगच मी हात लावीन, असं ते म्हणाले. चार महिन्यांनी पुन्हा बोलावलं.

आईला डोंगर चढायचे नव्हते की यात्रा करायच्या नव्हत्या. तिला फक्त सुनेला हाक न मारता न्हाणीतून उठता यायला हवं होतं. माझी वहिनी मनानं चांगली आहे, हाक मारली की धावत येते, पण रोज कुणाच्या तरी खांद्याला धरून अर्ध्या ओल्या अंगानं उठायचं, हे आईला खात होतं. त्यासाठी सात किलो काय, सतरा किलोही उतरवीन म्हणाली.

आणि ती लागली कामाला. भात बंद, चहातली साखर बंद, सणावारी ताटातलं गोड बाजूला. दुपारी चारला तिला भूक लागायची, तेव्हा ती अर्धी भाकर खायची, तीही सोडली. त्याऐवजी काय, हा प्रश्न तिनं मला फोनवर विचारला आणि मी मोठ्या शहाणपणानं अमरावतीतल्या एका झगमगीत दुकानातून डाएट चिवडा आणि ती डबी विकत घेतली. हे मीच आणलं, हे लक्षात असू द्यावं.

पुडी हिरवीगार. त्यावर एक पान, पानाशेजारी टेप गुंडाळलेली कंबर आणि ठसठशीत मराठी अक्षरं: ‘एका वाढणीत फक्त ४० कॅलरी’. डबी पिवळी, तिच्यावर ‘लोण्यापेक्षा निम्म्या कॅलरी’. आई खूश झाली. भाकरीवर लोण्याचा गोळा आणि बाजूला मिरचीचा ठेचा, हे तिचं लहानपणापासूनचं जेवण, ते डॉक्टरांनी तोडलं होतं. आता निम्म्या पापात ते परत मिळालं. शिवाय दर्शनी बाजूला सगळं मराठीत छापलेलं. आयुष्यभर पाठ्यपुस्तक हातात धरून उभ्या राहिलेल्या बाईला छापलेलं खोटं असू शकतं हे सुचतच नाही. मुलांच्या वहीतल्या चुका ती शोधायची, पुस्तकातल्या कधी शोधल्या नाहीत.

आता त्या ‘वाढणी’बद्दल. आमच्याकडे वाढणी कशाला म्हणतात? पंगतीत वाढणारा पातेलं घेऊन येतो, तुमच्यासमोर वाकतो आणि एकदा जे ताटात पडतं ती वाढणी. त्याचा हात आखडता असला तर त्याचं नाव गावभर होतं आणि पुढच्या लग्नात त्याला पाणी द्यायला उभं करतात. चिवड्याची वाढणी म्हणजे नाश्त्याची ताटली, काठापर्यंत. आईनं तर पथ्य म्हणून ताटली अर्धीच भरायला सुरुवात केली, म्हणजे तिच्या हिशेबानं ती कंपनीपेक्षाही कडक वागत होती. पुडीवर ‘सर्व्हिंग’ लिहिलं असतं तर तिनं नक्की विचारलं असतं, हे काय असते म्हणून. वाढणी हा शब्द तिच्या घरचा होता. घरच्या शब्दाला कोण ओळखपत्र मागतं?

पहिल्या महिन्यात काटा अर्धा किलो वर गेला. अंगात पाणी धरलं असेल, असं आम्ही म्हणालो. दुसऱ्या महिन्यात काटा बिघडला असेल म्हणालो आणि भावानं नवा आणला. चौथा महिना संपला तेव्हा डॉक्टरांच्या काट्यावर आई दोन किलोंनी वाढलेली होती. डॉक्टरांनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ऑपरेशन लांबणीवर टाकलं. आईला बाहेर बसवून मला सांगितलं की या वयाची माणसं लपून खातात, घरात लक्ष ठेवा. त्यांनी एकदाही विचारलं नाही की आई काय खाते. मीही त्यांना ते सांगितलं नाही. मान डोलावली आणि बाहेर आले.

अमरावती ते अकोला दोन तास लागतात. आई मागच्या सीटवर पाय लांब करून आडवी बसली होती, गाडी मी चालवत होते. तिला उतरून कुठं जाता येणार नव्हतं आणि मला माझा धंदा येत होता. मी तिची उलटतपासणी घेतली. फराळाचे डबे कोण उघडतं, दुपारी घरात कोण नसतं, शेजारची कधी येते, येताना काय आणते. शेवटी सरळच विचारलं, चोरून काय खातेस ते सांग.

“मी काईच खाल्लं नाई चोरून,” ती म्हणाली.

“मंग वजन काय वाऱ्यानं वाढलं?”

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं ती मला लहानपणापासून म्हणत आली होती, त्या दिवशी मात्र नाही म्हणाली. मूर्तिजापूर मागे पडल्यावर हळूच बोलली. “पोरं खोटं बोलले का मले त्यायच्या तोंडावरून समजे. तुले माह्या तोंडावरून समजत नाई का?”

मी आरशातही बघितलं नाही. रस्त्याकडे बघत म्हणाले, “मले फक्त काटा समजते.”

आठ दिवसांनी वहिनीचा फोन आला. आईनं भावाकडून एक कुलूप मागवलं होतं, ते स्वतःच्या हातानं स्वयंपाकघरातल्या फराळाच्या कपाटाला लावलं आणि किल्ली वहिनीच्या हातात ठेवली. आता वहिनी देईल तेवढंच खाते, दुसऱ्यांदा मागत नाही, कुणी आग्रह केला तर उठून जाते. फोनवर वहिनी रडत होती, मला हे बघवत नाही म्हणाली. आणि मला? मला बरं वाटलं. आज हे लिहायची लाज वाटते, पण त्या दिवशी मला बरंच वाटलं होतं. चला, एकदाची अद्दल घडली, असं वाटलं. पुडी आणि डबी तेवढी कुलपाबाहेर ठेवलेली होती, कारण ती पथ्याची होती.

मग एके दिवशी कोर्टात माझ्या प्रकरणाचा पुकारा व्हायला उशीर होता. सकाळी जेवणाचा डबा घरी विसरला होता. पर्समध्ये त्याच कंपनीच्या चिवड्याची पुडी होती, मीही मध्यंतरी वजन उतरवायच्या नादाला लागले होते. खाता खाता पुडी उलटी केली. दुसऱ्याच्या करारातला बारीक टाइप वाचून मी पोट भरते, पण आईच्या तोंडात जाणाऱ्या पुडीची मागची बाजू मी चार महिन्यांत वाचली नव्हती. तिथं, तळाच्या शिवणीत अर्धं गेलेलं, इंग्रजीत लिहिलेलं होतं: एक वाढणी म्हणजे आठ ग्रॅम. एका पुडीत पंचवीस वाढण्या.

पुडी आईला तीन-चार दिवस पुरायची. पंचवीस चोक शंभर, वर एक शून्य. तिच्या मते ती दिवसाला चाळीस कॅलरी खात होती, आणि पोटात तीनशेच्या घरात जात होत्या. जी अर्धी भाकर तिनं सोडली ती याच्यापुढे उपवास होती.

घरी जाऊन डबी काढली. ‘निम्म्या’च्या डोक्यावर मुंगीएवढी चांदणी होती आणि खाली, झाकणाच्या कडेला, चांदणीचा अर्थ होता. लोण्याचा चमचा दहा ग्रॅमचा धरला होता आणि यांचा पाच ग्रॅमचा. अर्धं खाल्लं की अर्धंच पोटात जातं, एवढा मोठा शोध लावून या लोकांनी डबीवर छापला होता. जितक्यास तितकं मोजलं तर दोन्हीत नावापुरता फरक होता.

दुकानदाराकडे गेले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, मॅडम, वाढणी म्हणजे कंपनीची वाढणी, तुमच्या घरची नाही. कंपनीला नोटीस पाठवली. त्यांचं उत्तर दोन परिच्छेदांचं आणि फार सभ्य होतं: वाढणीचं माप वेष्टनावर स्पष्ट नमूद आहे, आरोग्याबाबत ग्राहकांनी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मी ते चारदा वाचलं. त्यात खोटा असा एक शब्द नव्हता. अशी वाक्यं मी स्वतः अशिलांसाठी लिहिली आहेत, आणि ती बरी जमली म्हणून चहाही प्यायले आहे. कुठल्यातरी गार खोलीत बसून कुणी माझ्यासारखीच बाई, कदाचित मराठीचीच, ‘सर्व्हिंग’ला ‘वाढणी’ हा शब्द सुचवून खूश झाली असेल. तिच्या ताटात जन्मभर आठ ग्रॅमच वाढलं जावं, असं मी तेव्हा म्हणाले आणि आजही म्हणते.

गुडघ्याचं पुढं नीट झालं, ते आत्ताच सांगून टाकते. चिवडा आणि डबी गेली, अर्धी भाकर परत आली, आणि वर्षभरानं ऑपरेशन झालं. आई आता न्हाणीतून एकटी उठते. त्यामुळे सगळं भरून निघालं, असं भावाला वाटतं.

कंपनीचं उत्तर आलं त्या आठवड्याच्या रविवारी मी अकोल्याला गेले. सोबत पुडी, डबी, कंपनीचं पत्र आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा. आई खुर्चीत बसली होती, भाऊ आणि वहिनी समोर. मी पुरावे मांडावेत तसं सगळं टेबलावर मांडलं आणि आठ ग्रॅम चिवडा मोजून आईच्या तळहातावर ठेवला. तळहाताचा खळगासुद्धा भरला नाही. पोहे, दोन डाळ्या, अर्धा शेंगदाणा.

“हे वाढनी?” आई म्हणाली. “एवढं तं आमी चिमण्यायले टाकतो.”

वहिनीनं उठून कपाटाची किल्ली तिच्यापुढे ठेवली. भाऊ खाली बघत बसला. मला मात्र चेव चढला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली या लोकांनी, मी म्हणाले, ग्राहक मंचात ओढते, दुकानदाराला ओढते, जिल्हाभर ही पुडी विकू देत नाही. आवाज इतका चढला की शेजारच्यांनी खिडकीतून बघितलं. मी कंपनीला बोलत होते, छापणाऱ्याला बोलत होते, डॉक्टरलाही सोडलं नाही. जिनं फाशी सुनावली होती तिचं नाव तेवढं त्या यादीत नव्हतं.

आईनं मला मध्ये अडवलं नाही. माझा दम संपल्यावर तिनं तळहातावरचा चिवडा परत काट्यावर ठेवला, हात पदराला पुसला आणि पहिल्यांदाच नीट माझ्या तोंडाकडे बघितलं.

“तुले केस कराची तं कर,” ती म्हणाली. “पन मले त्या पुडीचा राग नाई. ते खोटं बोलली तं बोलली. ते काई माह्या पोटची नोयती.”