कागद नसलेलं कुत्रं

मला कुणी प्राणीप्रेमी म्हटलं की डोक्यात तिडीक जाते. प्रेमबिम काही नाही. बत्तीस वर्षं शाळेत पोरांना शिस्त लावली, निवृत्त झाल्यावर मलकापुरातल्या घरात एकटीला करमेना, आणि हायवेवर गाड्यांखाली येणारी कुत्री बघवेनात. एक उचललं, मग दुसरं. लंगडं-आंधळं कुत्रं इथे कुणी पाळत नाही, लोकांना महागडं, गुबगुबीत पाहिजे. परदेशात मात्र अशीच कुत्री हौसेनं घेणारी माणसं आहेत असं एका ओळखीतून कळलं. कागदपत्रं करायची, मुंबईहून जाणारा कुणी प्रवासी गाठायचा आणि त्याच्यासोबत पाठवून द्यायचं. बरीच पाठवली. त्यातल्या एकाविषयी मी कुणाला सांगत नाही.

ते उंब्रजला सापडलं. दिवाळी नुकतीच झाली होती. चहाच्या टपरीमागे पोत्यावर पडलेलं काळं कुत्रं. मागचा पाय चिरडलेला, त्यावर हळद थापलेली.

"आवं बाई, ते धनगराचं हाय," टपरीवाला म्हणाला. "मेंढरं घिऊन कोकणात गेल्यात. ट्रकनं उडीवलं म्हणून हितं ठिवलं. उन्हाळ्यात माघारी जाताना नेणार हायती."

माण-आटपाडीकडच्या मेंढपाळांची ही जुनी रीत. चालू न शकणारं जनावर वाटेत ओळखीच्या दारात ठेवायचं आणि परतताना न्यायचं. मला ती माहीत नव्हती असं नाही. मी ती मानली नाही.

"सहा महिने सडत ठेवणार याला? टाकून गेलेत ते! नेतायत कसले!" त्याला असं झापलं आणि कुत्रं गाडीत घातलं.

"आवं, पण मी त्येला काय सांगू?"

"माझा पत्ता सांग," मी म्हणाले. मोठ्या ठसक्यात.

पाय कापावा लागला. कापला नसता तर ते मेलंच असतं, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवते. महिन्याभरात ते तीन पायांवर पळायला लागलं. घरात मात्र कधी झोपलं नाही. संध्याकाळ झाली की माझ्याकडच्या बाकी चार कुत्र्यांना टाचेला तोंड लावून लावून अंगणाच्या एका कोपऱ्यात गोळा करायचं आणि फाटकाकडे तोंड करून बसायचं. मला भारी गंमत वाटायची. मी व्हिडिओ काढून नेदरलँडच्या एका कुटुंबाला पाठवले. त्यांना दोन लहान मुलं. ती तर वेडीच झाली. मग लस, कातडीखाली चिप, रक्ताची तपासणी, त्यानंतर तीन महिने थांबणं. सगळं नियमानं केलं. मे महिन्यात तिकीट ठरलं.

जायला चार दिवस राहिले होते, तेव्हा भर दुपारी तो धनगर फाटकाशी आला. माझ्याच वयाचा असेल. मी पटकन कुत्रं आतल्या खोलीत कोंडलं.

"बाई, आमचं कुत्रं तुमच्याकडं हाय म्हनं."

"तुमचं कशावरून?"

त्यानं जीभ टाळूला लावून नुसता एक आवाज काढला. आत कुत्र्यानं दारावर अंग टाकायला सुरुवात केली. त्याचं ते ओरडणं मी आजवर दुसऱ्या कुठल्या कुत्र्याच्या तोंडून ऐकलेलं नाही.

"ऐका की," तो हसून म्हणाला.

"कागद आहे का?" मी विचारलं.

"कुत्र्याचा कसला कागद?"

"लस टोचल्याचा. फोटो? काहीतरी पुरावा? माझ्याकडे सगळं आहे." आणि खरंच ती फाइल आणून त्याच्या नाकासमोर धरली. गृहपाठ न केलेल्या पोराला उभं करावं तसं त्याला उभं केलं. "पाय कापलाय त्याचा. तुमच्या काय कामाचं आता?"

"तीन पायावर बी चालंल की. कोकरांजवळ बसून ऱ्हाईल. लय शानं हाय ते."

"मिळणार नाही."

तो ऊन उतरेपर्यंत फाटकाबाहेर बसला. मी पाणीसुद्धा विचारलं नाही, पाणी विचारलं असतं तर द्यावं लागलं असतं कुत्रंही. मेंढरं पुढे गेली होती, तो शेवटी उठला. आत दाराला रक्त लागलं होतं. कुत्र्याच्या नखांचं.

ते गेलं. बर्फात लाल जाकीट घातलेला त्याचा फोटो आला, तो मी सगळ्यांना दाखवला. मग निरोप यायला लागले. घरात येत नाही, कुंपणाशी बसतं. बागेत परक्यांच्या मुलांना टाचा धरून गोळा करतं. आणि एक दिवस शेजाऱ्यानं त्यांच्या धाकट्या मुलीला खेळात उचललं, ती किंचाळली, आणि कुत्र्यानं त्याचा हात फोडला. दीड वर्षात तिथल्या डॉक्टरनं सुई टोचून त्याला संपवलं. पत्रात लिहिलं होतं की त्याच्यासाठी मेणबत्ती लावली. मेल्यांनो, मेणबत्ती कसली लावता, असं मी मोठ्यानं ओरडले घरात. त्यांना शिव्या घालणं सोपं होतं. ते व्हिडिओ मीच पाठवले होते ना, गंमत म्हणून!

त्या दिवाळीत तो पुन्हा फाटकाशी आला. भांडायला नाही. "कसं हाय आमचं?" एवढंच.

मी फोनवर तो बर्फातला फोटो दाखवला.

"आगागा! अंगरखा घातलाय की!" बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तितं मेंढरं हायती का, बाई?"

"आहेत," मी म्हणाले.

"मग बरं झालं. तुमी केलं ते चांगलंच केलं."

बत्तीस वर्षं खोटं बोलणाऱ्या पोरांचे कान पिळले मी.

यंदा मे महिन्यात तो परत आला. घोंगडीतून एक काळं पिल्लू काढलं आणि माझ्या पायाशी सोडलं. "त्येच्याच भनीचं हाय. हितं काय, ट्रकखाली जानार एक दिस. ह्येला बी तिकडं धाडा."

"माझ्याकडे जागा नाही," मी म्हणाले.

त्याला वाटलं, बाई पुन्हा आडवी लागली. त्यानं घाईनं पटका सोडला, आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि सरकारी दवाखान्याचं लस टोचल्याचं कार्ड उलगडून माझ्यापुढे धरलं.

"अवंदा कागद हाय, बाई," तो म्हणाला.