व्हर्नरच्या नव्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

व्हर्नर किन्नुनेन उत्तर अमेरिकेतल्या, सरोवराकाठच्या डुलूथ गावच्या नगरपालिकेत बर्फ ढकलायचा ट्रक चालवायचा. तीसेक हिवाळे त्याने टेकडीवरचे उभे रस्ते मोकळे केले. तो ट्रक डिझेल पाण्यासारखं प्यायचा आणि त्याचं व्हर्नरला कधी काही वाटलं नाही. स्वतःच्या गाडीत मात्र पेट्रोलचा एक थेंब जरी वाया गेला, तरी तो दिवसभर त्याचा हिशेब करत बसायचा. रेल्वेचं फाटक पडताना दिसलं की तो लांबूनच इंजिन बंद करायचा. सरोवराकडे जाणाऱ्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून द्यायचा आणि खालच्या सिग्नलपर्यंत पेट्रोल न जाळता पोचला की शेजारी बसलेल्या बायकोकडे असा बघायचा, जसा काही त्याने मोठा मासा गळाला लावलाय.

यात पैशांचा प्रश्न नव्हता. पेन्शन बरी होती, घर स्वतःचं होतं, मुलगी मिनिआपोलिसला सुखात होती. पण व्हर्नरचा बाप लाकूडतोड्यांच्या छावणीत वाढलेला फिनिश माणूस, एका काडीत दोन चुली पेटवणारा. वाया घालवणं हे त्या घरात खोटं बोलण्याच्या जवळपासचं पाप होतं.

रोज सकाळी व्हर्नर खालच्या रस्त्यावरच्या बेकरीत जायचा. तिथे खिडकीजवळच्या टेबलाशी चार-पाच निवृत्त पुरुष कॉफी पीत बसलेले असत. हवामान, मासे आणि कुणाचं ऑपरेशन झालं एवढे विषय संपले की गाडी अ‍ॅव्हरेजवर यायची. व्हर्नर काही बोलका माणूस नव्हे. मासेमारीत त्याचं नशीब यथातथाच. पण अ‍ॅव्हरेजमध्ये त्याच्या जुन्या गाडीचा हात कुणी धरू शकत नव्हतं. त्या टेबलावर त्याची जी काही पत होती ती तेवढ्यावर.

नोव्हेंबरात त्याची बायको आर्लीन दारातल्या बर्फावर घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हातात काठी आली, आठवड्यातून दोन-तीनदा व्यायामाला दवाखान्यात न्यावं लागू लागलं. आणि अशाच एका दिवशी, घराच्या खालच्या चौकातून वर चढताना, व्हर्नरची जुनी गाडी मध्येच थबकली. पुढची चाकं जागच्या जागी गरगरा फिरली आणि गाडी हळूहळू, अगदी शांतपणे, मागे घसरत शेजाऱ्यांच्या पत्रपेटीला जाऊन टेकली. गाडी थांबल्यावर आर्लीन म्हणाली, "व्हर्नर, एक तर गाडी बदल, नाहीतर मी नवरा बदलते."

म्हणून ती नवी गाडी आली. करड्या रंगाची, ऐसपैस, चारही चाकांना जोर देणारी. आर्लीनला आवडली ती तिच्या गरम होणाऱ्या सीटमुळे. व्हर्नरने निवडली ती कंपनीने काचेवर चिकटवलेल्या कागदावरचे आकडे बघून. शहरात गॅलनला तेवीस मैल, हमरस्त्यावर एकतीस. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला तेवीस म्हणजे बरंच झालं, असा त्याने हिशेब केला होता.

नवी गाडी तो उभा चढ जिन्याच्या पायऱ्या चढावा तशी चढली. आर्लीनने डोळे मिटून मान मागे टेकली. व्हर्नरची नजर मात्र समोरच्या पडद्यावर होती. तिथे आकडा होता सोळा.

"नवी आहे, सरावेल," तो स्वतःशीच म्हणाला.

टाकी संपली, पुन्हा भरली. त्याने स्वतः भागाकार करून पाहिला. गाडीने स्वतःचं जरा कौतुकच केलं होतं. खरं उत्तर पंधरा आणि वर थोडं, असं आलं.

बेकरीत ऑर्व्हिल स्टेनबर्ग वाटच बघत होता. ऑर्व्हिल पूर्वी गोदीत कामाला होता, आणि दुसऱ्याची खपली काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. "काय व्हर्नर, नवी नवरी काय म्हणते? खाते-पिते का नीट?"

"बावीस देते," व्हर्नर म्हणाला आणि कॉफीत बघू लागला.

त्या टेबलावर तो पहिल्यांदाच खोटं बोलला होता. घरी येईपर्यंत त्याचे कान गरम होते.

दुसऱ्याच दिवशी त्याने शोरूम गाठली. विक्रेत्याने गोड बोलून त्याला मागच्या वर्कशॉपमध्ये पाठवलं. तिथे शेरी नावाची मेकॅनिक होती, चाळिशीची, केस टोपीत कोंबलेले. तिने गाडी तपासली, मग म्हणाली, "चला, तुम्ही रोज चालवता तशी चालवा. मी बसते शेजारी."

व्हर्नर घरापासून बेकरीपर्यंत गेला, तिथून दवाखान्यापर्यंत, तिथून परत वर. शेरी खिडकीतून बाहेर बघत होती.

"बस, एवढंच रोज?" तिने विचारलं.

"एवढंच. रविवारी चर्च."

"मग गाडीत काही खोट नाही. हिचं इंजिन तापतंय कुठे? तापायला लागलं की तुम्ही पोचलेले असता. वर ही थंडी, हा चढ, आणि चार चाकं ढकलायची. कागदावरचा आकडा असल्या रस्त्यावर काढत नाहीत हो."

"मग कुठे काढतात?"

"जिथे काढतात तिथे कुणी राहत नाही."

"माझी जुनी गाडी याच रस्त्यावर याच्या दीडपट द्यायची."

"जुनी गाडी हा चढ चढायची?"

व्हर्नरने गाडी वर्कशॉपकडे वळवली. त्याला शेरीचं म्हणणं कळलं होतं, पण पटलं नव्हतं. शहाण्या माणसाने नीट चालवली तर गाडी सुधारते, यावर त्याचा आयुष्यभराचा विश्वास होता.

मग त्याने कंबर कसली. डिकीतलं सगळं सामान काढलं. चाकांतली हवा दर दोन दिवसांनी तपासू लागला. सिग्नलवरून तो इतक्या हळू सुटायचा की मागचे गाडीवाले भोंगे वाजवायचे. गाडी आधी चालू करून तापत ठेवणं बंद. हीटर बंद, कारण त्याने इंजिन तापायला उशीर होतो. सीटची ऊब बंद, कारण वीज काही फुकट येत नाही, तीही पेट्रोलमधूनच. काचेवर वाफ धरली की तो फडक्याने पुसायचा. आर्लीन शेजारी कोट, शाल आणि मांडीवर घोंगडी घेऊन बसायची.

"मी आता कोळशाच्या पोत्यासारखी दिसते," एकदा ती म्हणाली.

"सोळा पूर्णांक चार झालेत," व्हर्नर म्हणाला.

जानेवारीत कधीतरी आर्लीनने ठरवून टाकलं, या गाडीत बसायचं नाही. दवाखान्याच्या दिवशी समोरच्या घरातली डोलोरेस ब्रॉटन आपला अवाढव्य पिकअप घेऊन दाराशी आली. डोलोरेस विधवा होती, सत्तरी गाठलेली, आणि नवऱ्यामागे राहिलेला तो ट्रक ती रणगाड्यासारखा चालवायची. ट्रक दारात धडधडत उभा. डोलोरेस आत येऊन आर्लीनला कोट चढवणार, दोघी कॉफीचा घोट घेणार, काल कोण काय म्हणालं ते बोलणार, आणि तोवर बाहेर ट्रक धूर सोडत तापत राहणार. व्हर्नर खिडकीतून तो धूर बघायचा आणि त्याच्या काळजाला घरं पडायची. पण डोलोरेसला काही बोलायची सोय नव्हती. चर्चलाही आर्लीन तिच्याचबरोबर जाऊ लागली. व्हर्नर आपल्या गार गाडीतून एकटाच मागून जायचा आणि दोघींच्या नंतर पोचायचा.

फेब्रुवारीत डोलोरेस ॲरिझोनाला मुलाकडे गेली. व्हर्नरला वाटलं, आता आर्लीन निमूट आपल्या गाडीत बसेल. दवाखान्याच्या दिवशी तिने कोट घातला, घसरू नये म्हणून बुटांखाली खिळ्यांच्या पट्ट्या चढवल्या, काठी घेतली आणि दार उघडलं.

"कुठे निघालीस?"

"बसने जाते."

"बसचा थांबा खाली चौकात आहे. पोचशील का तू?"

"पोचले तर पोचले. नाहीतर ये उचलायला. गाडी आहेच तुझ्याकडे."

दार बंद झालं. व्हर्नर स्वयंपाकघरात बसून राहिला. त्याला राग आला होता, आणि रागात माणूस जितका वेळ बसतो तितका वेळ तो बसला. मग उठून त्याने किल्ली घेतली.

आर्लीन चौकापर्यंत पोचली होती. फूटपाथ जिथे संपतो तिथे बर्फाचा कमरेएवढा ढीग होता, आणि त्याच्या पलीकडे बसचा थांबा. ती एका हाताने दिव्याचा खांब धरून उभी होती, दुसऱ्या हातातली काठी ढिगात रोवलेली. पुढे जाता येत नव्हतं, मागे वळायला पाय धजत नव्हता. थंडीने तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

असा ढीग कसा होतो हे व्हर्नरला कुणी सांगायला नको होतं. रस्ता मोकळा करताना ट्रकचं पातं बर्फ कडेला लोटतं आणि चौकात वळताना सगळं तिथेच पडतं. तीसेक वर्षं त्याने स्वतः हजारो ढीग असे टाकले होते. ट्रकची सीट उंच. तिथून दिसायचा तो फक्त मोकळा झालेला रस्ता.

तो गाडी कडेला लावून तिच्यापाशी गेला. "चल, बस."

"हीटर लावलायस?"

व्हर्नर मागे गेला, आत वाकला, परत आला. "लावला."

"सीट?"

तो पुन्हा गेला. पुन्हा आला. "सीटपण."

"मग होऊ दे गरम. झाली की बसते."

"आर्लीन, इथे गारठशील."

"आत बसून गारठण्यापेक्षा बाहेर बरी. निदान कोपर चिकटत नाही गोठलेल्या दाराला."

त्याला वाटलं ती थट्टा करतेय. ती करत नव्हती. तेव्हा तो तिच्या बाजूला उभा राहिला आणि तिचा दंड धरला. गाडी कडेला घरघरत होती. एक इंचही न हलता ती पेट्रोल जाळत होती, म्हणजे गॅलनला शून्य मैल. पडद्यावरचा आकडा या क्षणी खाली सरकत असणार, हे व्हर्नरला डोळ्यांनी बघावं लागलं नाही. बस आली, ड्रायव्हरने दार उघडून "येताय का आजी?" असं विचारलं, आर्लीनने हात हलवून नको म्हटलं, बस गेली.

"झाली असेल आता," बऱ्याच वेळाने ती म्हणाली.

त्याने तिला जवळजवळ उचलूनच आत बसवलं. काचा आतून स्वच्छ झाल्या होत्या. दवाखान्याआधीच्या शेवटच्या वळणावर आर्लीन म्हणाली, "थंडीने खुबा आखडतो. मग व्यायाम करताना जीव जातो माझा."

"बोलली नाहीस कधी."

"बोलले. तू आकडा बघत होतास."

दुसऱ्या दिवशी बेकरीत ऑर्व्हिलने नेहमीसारखी कळ काढली. "काय रे, बावीसच का अजून?"

"पंधरा," व्हर्नर म्हणाला. "काल चौदा. बावीस कधीच नव्हते."

ऑर्व्हिल इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याने ही बातमी काउंटरवरच्या बाईला सांगितली, तिने आणखी कुणाला. उन्हाळ्यापर्यंत बेकरीत व्हर्नरचं नाव 'पंधरा' पडलं होतं. 'पंधरा, साखर दे इकडे.' तो मुकाट साखर द्यायचा.

जूनमध्ये ती दोघं सरोवराच्या काठाकाठाने उत्तरेला गेली, कॅनडाच्या हद्दीपर्यंत. मोकळा हमरस्ता, सिग्नल नाही, इंजिन तापलेलं. आकडा तीस ओलांडून वर गेला. हे सांगायला व्हर्नर वळला तर आर्लीन खिडकीला डोकं टेकून झोपलेली होती. त्याने तिला उठवलं नाही. वाटेत एका टपरीवर भाजलेला मासा घेतला, तेव्हाही बोलायचं राहून गेलं.

पानगळीपर्यंत तिची काठी सुटली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली. पेट्रोलच्या पेडलवर आर्लीनचा पाय जड. हिरवा दिवा लागला की ती अशी सुटायची की व्हर्नरची पाठ सीटला चिकटायची, आणि पहिलं बर्फ पडल्यावर ती घरातूनच किल्लीवरचं बटण दाबून, सावकाश कॉफी संपेपर्यंत, गाडी तापत ठेवायची. त्या हिवाळ्यात अ‍ॅव्हरेज तेराला टेकलं. व्हर्नर शेजारच्या सीटवर बसायचा, पट्टा लावायचा आणि म्हणायचा, "पुढच्या चौकात जरा जपून, तिथे ढीग असतो."