बेल्ट बदलायला बीडहून बजाजनगरला

छत्रपती संभाजीनगरची वर्णनं नेटवर ढिगानं आहेत, सगळी लेण्यांची. आम्ही तिकडं गेलो ते पिकअपचा टायमिंग बेल्ट बदलायला. जुनी डिझेल गाडी बाळगणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून लिहिते.

आमची पिकअप सोळा वर्षांची. रोपवाटिकेची रोपं तिनंच गावोगाव पोचवली आणि ती कायम आमच्या ह्यांनीच चालवली. गेल्या वर्षी यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र अर्ध्यावरच राहिला. तेव्हापासून गाडी मी चालवते आणि हे शेजारी बसून खिडकीबाहेर बघतात. मला शिकवताना क्लचवर पाय राहिला तरी शिव्या हासडणारा हा माणूस आता रस्ताभर गप्प असतो. घरी आलं की एकच धोशा, "विकून टाक."

माझं गाडीवर फार प्रेम आहे असं नाही. पण ती गेली तर यांच्यातलं आणखी काहीतरी जाईल, याची मला भीती वाटायची. शेवटी मी डाव टाकला. म्हटलं, बेल्टची मुदत संपलीय, तशीच विकायची का? हा बेल्ट तुटताना आधी सांगत नाही आणि तुटला की इंजिनाचं आतून वाटोळं होतं. असली गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारणं यांना जमणारं नव्हतं. "मग हमीदकडंच जायचं," हे म्हणाले. हमीदभाई संभाजीनगरात बजाजनगरचे मेकॅनिक, यांचे पंचवीस वर्षांचे दोस्त. आधीचे दोन्ही बेल्ट या दोघांनी मिळून बसवलेले.

गुरुवारी सकाळी सहाला निघालो. रस्ता चौपदरी आहे, पण म्हाताऱ्या गाडीला साठच्या पुढं दामटू नका. गेवराईला चहा-पोहे घेतले, शहागडला गोदावरी ओलांडली. पाचोडला मोसंबीचे ढीग दिसले की थांबा आणि भाव करूनच घ्या. मी सोलून दिली, यांनी मुकाट खाल्ली. पुढं संभाजीनगरच्या बीड बायपासवरच्या गर्दीत तास मोडला.

हमीदभाईंनी बॉनेट उघडायच्या आधी यांचा उजवा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"भाभी, तुम्ही आणली गाडी? यानं रस्त्यात शिव्या तर नाय दिल्या?"

"तेच तर दुखणं आहे," मी म्हणाले. "एकही नाही."

त्यांनी एकदा यांच्याकडं बघितलं आणि बॉनेट उघडलं.

कामाचं सांगते. बेल्टसोबत तो ताणून धरणारा टेन्शनर आणि पाण्याचा पंपही बदला, नाहीतर तेच काम वर्षभरात पुन्हा काढावं लागतं. मजुरीसकट अकरा हजारांच्या आत भागलं. फोन करून जा, शुक्रवारी दुपारी नमाजासाठी गॅरेज बंद असतं. आमचा पंप यायला संध्याकाळ झाली, म्हणून मुक्काम पुंडलिकनगरला नणंदेकडं केला. जाताना नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, बांधून घेतला. तेवढ्यासाठी सुद्धा या शहरात यावं.

शुक्रवारी सकाळी नवा बेल्ट चढला. त्यानंतर लगेच चावी मारत नाहीत. इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून बघतात, पुलीवरच्या खुणा परत जुळल्या पाहिजेत. फिरवायला हलकं जावं म्हणून हमीदभाईंनी हीटर प्लग काढून ठेवले होते. त्यांनी लांब दांड्याचा पाना लावला आणि यांना म्हणाले, "तू फिरव."

"ह्या हातानं? येडा झाला का?"

"ह्याच हातानं. मला ताकद हाय, अडलं तरी मी दाबून नेईन अन् व्हॉल्व्ह वाकतील. तुझा हात अडलं की थांबंल."

यांनी पाना धरला. बोटं दोनदा सुटली. मी पुढं होणार, तेवढ्यात हमीदभाईंनी मान हलवून मला जागीच थांबवलं. तिसऱ्यांदा पाना हलला. पाव फेरा झाला, अर्धा झाला, आणि थांबला.

"हमीद, अडतंय."

"नाय रे, फिरव."

"अडतंय म्हणतो ना! बेल्ट दोन दात मागं बसवलाय तू." पुढं यांनी एक अशी शिवी घातली की ती इथं लिहिता येणार नाही. आजारपणानंतरची पहिलीच. मला रडूच फुटलं, ते मी पदरानं घाम पुसल्यासारखं करून लपवलं.

हमीदभाईंनी निमूटपणे बेल्ट काढून नीट बसवला. यांच्या त्याच हातानं दोन फेरे पूर्ण झाले, खुणा जुळल्या. मी चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

निघताना मी हमीदभाईंना बाजूला गाठलं. "दोन दातांची चूक, आणि तुमच्याकडून?"

"उमर झाली भाभी. चष्मा लागतोय," ते म्हणाले आणि रस्त्यापलीकडच्या टेम्पोवाल्याला ओरडून सांगितलं की मागच्या चाकात हवा कमी हाय.

परतताना आडूळपर्यंत मी चार शिव्या खाल्ल्या.

हे सगळं लिहून मी घरी यांना वाचून दाखवलं. हमीदभाईंच्या चष्म्याशी आल्यावर जरा अडखळले, पण वाचलं. हे हसले.

"मला तवाच ठावं होतं. फिरवायच्या आधीच खुणा दिसल्या. हमीद झोपेत बी असं बसवायचा नाय."

"मग फिरवलं कशाला?"

"तो माझ्यासाठी एवढं करत होता. त्याला नाय कसं म्हणू?" यांनी उजव्या हाताची बोटं उघडून मिटली. "पण अडलं ते खरंच हाताला कळलं गं."

मी वही मिटली. खूप दिवसांनी मीच विषय काढला, "मग गाडीचं काय करायचं?"

"सकाळी गेवराईला रोपं द्यायचीत ना?" हे म्हणाले. "क्लचवरचा पाय तेवढा काढत जा."