गल्लीचा नकाशा

आमची गल्ली दिघीच्या एका कोपऱ्यात आहे. तिच्या टोकाला दोन खोल्यांचं एक घर होतं. मागे न्हाणी, पुढे शिलाई मशीन मावेल एवढा ओटा. ते घर शेजारच्या वहिनींचं. त्यांचे यजमान सेंट्रिंगचं काम करायचे. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. कामावरून उरलेल्या फळ्या आणि उसनी घमेली आणून त्या माणसाने सहा वर्षं गुरुवार गुरुवार करत ते घर उभं केलं आणि बाहेरचा गिलावा पुरा व्हायच्या आधीच तो गेला. वहिनी बीडकडच्या. गावाकडे त्यांचं काही उरलं नव्हतं. ब्लाऊज शिवून, साड्यांना फॉल-पिको करून त्या दिवस काढत होत्या. जगात आपलं म्हणावं असं त्यांच्याकडे ते घर होतं, बाकी काही नाही.

त्या घराच्या भिंतीला लागून मोकळी जागा होती. गल्लीतली होळी तिथेच पेटायची. एका दिवाळीनंतर तिथे पत्रे ठोकले गेले आणि भंगाराचं गोडाऊन सुरू झालं. चेपलेले ड्रम, थर्माकोल, रबराचे तुकडे, फुटके बंपर, वायरींचे गुंते. वर्षभरात ढीग वहिनींच्या छपराच्या वर गेला. दिवे लागायच्या वेळेला तांबं काढण्यासाठी केबल जाळायचे. तो काळा धूर आधी वहिनींच्या घरात शिरायचा आणि मग आमच्या. शिवायला आलेल्या पांढऱ्या कापडावर काजळीचे ठिपके पडायला लागले, तशी त्यांची गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. माझ्या बायकोला खोकला लागला तो हटेना. डॉक्टरने गोळ्या बदलल्या, पंप दिला, आणि शेवटी म्हणाला, हवा बदला. हवा काय भाजीच्या गाडीवर मिळते?

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. दुसऱ्याच्या कामातली खोट काढायचा मला पगार मिळतो, आणि ती सवय घरीही सुटत नाही. बायको म्हणते, तुम्ही पोळीसुद्धा उजेडात धरून बघता. तर असा मी, एका गुरुवारी बाह्या सरसावून भंगारवाल्याकडे भांडायला गेलो. तो माणूस शांत. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. माझं ओरडून झाल्यावर म्हणाला, "साहेब, माल तर तुमच्याच कंपन्यांचा आहे. मी पिकवत नाही." आणि पायाजवळचा एक बंपर उलटा केला. त्यावर लाल फुली होती आणि खाली माझीच सही. मीच रिजेक्ट केलेला माल माझ्याच गल्लीत येऊन पडला होता. मी चहा पिऊन परत आलो. लाज वाटली, आणि लाज वाटली की माझा राग दुप्पट होतो.

मग जागेच्या मालकाकडे गेलो. हे इथल्या जुन्या शेतकरी घराण्यातले. आम्ही सगळ्यांनी गुंठा, अर्धा गुंठा जागा त्यांच्याकडूनच घेतलेली, आणि भंगारवाल्याला भाड्याने जागा दिलेली तीही त्यांनीच. अंगणात खाट टाकून बसले होते. म्हणाले, "आवो, तुमाला जागा दिली ती म्याच आन् त्याला दिली ती बी म्याच. जरा दमानं घ्या. मी सांगतो त्याला, जाळायचं बंद कर म्हनून. पर तुमी कागदं करू नगा. झाकली मूठ सव्वा लाखाची असती."

"म्हणजे धमकी देताय काय?" मी म्हणालो.

"न्हाई वो. शानपनाचं सांगतोय."

मला ती धमकीच वाटली. आमच्या घरांना बांधकामाची परवानगी नव्हती, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण घरपट्टी येते, विजेचं मीटर आहे, नळ आहे, मतदान इथेच करतो, म्हणजे घर पक्कं, अशी आमची सगळ्यांची समजूत. बाहेरगावाहून येऊन इथे जागा घेतलेल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. परवानगी ही आमच्या लेखी बिल्डर लोकांची भानगड होती.

मी कामाला लागलो. कंपनीत एखादी तक्रार आली की आम्ही तिचा पुरता पाठपुरावा करतो. फोटो, मोजमाप, जागेचा नकाशा, कारण, उपाय, सगळं एका फाइलमध्ये. समोरच्याला बोट ठेवायला जागा उरता कामा नये. मी म्हटलं, महापालिकेकडे अर्ज करायचा तर असाच करू. दुसरे लोक करतात तसला 'सविनय सादर' म्हणून दोन ओळींचा नाही.

टेप घेऊन अख्खी गल्ली मोजली. दोन गुरुवार गेले त्यात. रस्ता किती फूट, प्रत्येक घर किती बाय किती, खोल्या किती, बांधकाम कुठल्या साली झालं, धूर कुठल्या खिडकीतून येतो. जमिनीचा गट नंबर वरच्या कोपऱ्यात. पेन्सिलने आधी कच्चा काढला, मग शाईने पक्का. गल्लीतली माणसं जमून बघायला लागली. आपलं घर कागदावर आलेलं पाहून त्यांचे चेहरे खुलायचे. एकजण म्हणाला, "साहेब, माझा वरचा मजला न्हाई दाखवला." मी दाखवला. दुसऱ्याची रस्त्यावर आलेली गॅलरी राहिली होती, तो रुसला. तीही काढली. एकाने अजून न बांधलेली खोलीसुद्धा तुटक रेघेने काढून घेतली. आज आठवलं की हसू येतं, आणि मग तोंड कडू होतं.

गणपतीच्या शेडमध्ये सह्या घेतल्या. एकतीस झाल्या. वहिनी आल्या नाहीत. मी फाइल घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्या मशीनवर होत्या. नकाशा पुढे धरला, तर पाय थांबवून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"भाऊजी, ह्ये माझं घर हाय ना?"

"हो. ही भिंत, ही न्हाणी."

"मग ह्ये कशाला काढलंय? ढीग त्याचा हाय. त्याचाच काढायचा की."

"अहो, त्रास कुणाला होतो ते नको दाखवायला?"

"त्रास मी सांगते की तोंडानं. घर नगं कागदावर. ह्यांनी बांधलंय त्ये."

मला राग आला, खरंच सांगतो. म्हटलं, ज्यांच्यासाठी मरमर मरतोय त्यांनाच कदर नाही. मी म्हणालो, "वहिनी, ढीग तुमच्या भिंतीला लागून आहे. तुमचीच सही नसली तर साहेब म्हणेल, जिला त्रास आहे ती गप्प आणि बाकीचे ओरडतायत. एकतीस माणसांची मेहनत तुम्ही वाया घालवणार का?" हे मी जरा मोठ्याने म्हणालो. बाहेर दोनतीन बायका उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. वहिनींनी तिकडे पाहिलं आणि सही केली. सावकाश, एकेक अक्षर करून. बत्तिसावी सही.

अर्ज दिला, पोच घेतली. महिनाभर काही नाही. मालकांनी खरंच सांगितलं असावं, कारण त्या महिन्यात केबल जाळणं बरंच कमी झालं होतं. मी ते माझ्या अर्जाच्या खात्यावर जमा करून मोकळा.

नंतर एका सकाळी महापालिकेच्या ऑफिसातून माणसं आली. त्यांच्यातल्या साहेबाच्या हातात माझ्या नकाशाची झेरॉक्स होती. सेकंड शिफ्ट असल्याने मी घरीच होतो. मी पुढे झालो. साहेबाने विचारलं, "हे कुणी काढलं?" मी म्हणालो, मी. "छान काढलंय. आमचं मोजणीचं निम्मं काम वाचवलंत." मी फुललो. त्यांना चहा पाजला, टेपचं दुसरं टोकही धरलं. ते वहिनींच्या ओट्यापाशी थांबले, मोजलं, भिंतीवर लाल रंगाने खूण केली. मला वाटलं, गोडाऊनची हद्द दाखवतायत. पुढच्या घरावर खूण झाली तेव्हाही मी टेप धरूनच होतो.

नोटिसा लागल्या. भंगाराचं गोडाऊन अनधिकृत, आणि महापालिकेच्या आराखड्यात आखलेल्या रस्त्यात येणारी नऊ घरंही अनधिकृत. माझं घर त्या रस्त्याच्या रेघेपासून तीन फूट बाहेर राहिलं, म्हणून वाचलं. ते तीन फूट मीच मोजलेले.

भंगारवाल्याने दोन दिवसांत पत्र्यांचे बोल्ट काढले, माल ट्रकमध्ये भरला आणि गेला. विटांच्या घराला बोल्ट नसतात. आम्ही धावलो. नगरसेवक झाले, वकील झाले, मालकांच्या पाया पडून झालं. ते म्हणाले, "मी तरी काय करू आता? नोटिशीव तुमच्याच अर्जाचा नंबर पडलाय." त्यांनी पुढे काही सुनावलं नाही, मान खाली घालून बसले. सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं.

पाडायला आले त्या दिवशी मी कामावर गेलो नाही. वहिनींचं सामान आम्ही चौघांनी बाहेर काढलं. मशीन, गॅस, देव, पिठाचे डबे, यजमानांचा थापी-ओळंबा ठेवलेली पिशवी. साहेबाने कागद पाहून हाताखालच्याला सांगितलं, "दोन खोल्या, मागे न्हाणी. न्हाणी राहिली, तीही घ्या." ते माझं अक्षर होतं. न्हाणी बाहेरून दिसत नव्हती, ती मीच लिहिली होती. जेसीबीने पुढची भिंत ढकलली तर ती पडेना. चांगली बांधलेली होती. तीन वेळा ढकलावी लागली. वहिनी रडल्या नाहीत. मशीनवर चादर टाकून, धूळ बसू नये म्हणून ती चारी बाजूंनी खोचत राहिल्या.

त्यानंतर गल्लीत एक गोष्ट पसरली. भंगारवाल्याने वर वजन वापरलं, मी जातो पण तुम्हालाही घेऊन जातो म्हणाला. कुणी सुरू केली माहीत नाही. सगळ्यांना ती पटली, कारण तिच्यात आपल्यापैकी कुणाचीच चूक नव्हती. माझ्यासमोर बोलायचे तेव्हा मी मान हलवायचो. एकदा तर मीच म्हणालो, "असल्या लोकांचे हात लांब असतात." हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, मला चांगलं आठवतं.

रस्ता काही आला नाही. नऊ घरांचा राडारोडा तसाच पडून राहिला, त्यावर गवत वाढलं, कुत्री व्यायली. पुढच्या वर्षी भंगारवाला परत आला. आता त्याला पूर्वीपेक्षा ऐसपैस जागा आहे. ढीग वहिनींच्या खोल्यांवरून आमच्या भिंतीपर्यंत पोचलाय. बायको रात्रंदिवस खोकते. पुन्हा अर्ज करू म्हणालो, तर गल्लीतल्या एकानेही दार पुरतं उघडलं नाही.

बायकोला सगळं ठाऊक होतं. नकाशा काढताना शाई वाळवायला पंखा तिनेच लावला होता. ती मला म्हणत राहिली, "त्या भंगारवाल्याला उगाच शिव्या देतायत वहिनी. तुम्ही जाऊन सांगा त्यांना. रागावतील, रागावू दे. पण सांगा." मी टाळत होतो. कधी ओव्हरटाइम, कधी पाऊस. शेवटी एका गुरुवारी तिने माझ्या हातात पिशवी दिली, शिवायला दोन ब्लाऊजपीस घातले आणि म्हणाली, "सांगितल्याशिवाय येऊ नका."

वहिनी महाळुंग्याला भाड्याच्या खोलीत राहतात. चाळीसारख्या ओळीत दहा खोल्या, समोर एका कारखान्याची मागची भिंत. मशीन दारातच मांडलेलं, आत जागा नाही. मला बघून त्या उठल्या, बसायला दिलं. शेजारची एक बाई डोकावली तर तिला म्हणाल्या, "ह्ये आमचे दिघीचे भाऊजी. लई केलं ह्यांनी आमच्यासाठी. एकट्यानं समदी गल्ली मोजली, सह्या घेतल्या. त्या भंगारवाल्यानं डाव साधला, न्हाईतर आज मी घरात असते माझ्या."

मी म्हणालो, "वहिनी, मला जरा बोलायचंय."

"आधी जेवा. मग बोला."

त्यांनी भाकरी आणि शेपूची भाजी वाढली. समोर बसून वारा घालत होत्या. पंखा मशीनच्या बाजूला होता, माझ्यापर्यंत वारा येत नव्हता म्हणून. बायकोचा खोकला कसा आहे, विचारलं. पुन्हा म्हणाल्या, तुमच्यासारखं कुणी करत न्हाई आजकाल. भाकरी संपली. "वाढू का अजून अर्धी?" म्हणाल्या. मी म्हणालो, "वाढा."

ती अर्धी खाल्ली, पाणी प्यालो, ब्लाऊजपीस दिले, मापाचा ब्लाऊज पिशवीतच असल्याचं सांगितलं आणि निघालो. काय बोलायचं होतं ते त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

घरी आलो तर बायको दारातच उभी.

"सांगितलंत?"

"हो," मी म्हणालो.

"मग? काय म्हणाल्या?"

"काही नाही. जेवायला वाढलं."